चंदेरी तबकडीवर चंदेरी काटे: मोठे बसवण्याआधी रंगवून बघा

तुमचा प्रश्न असा की वडील सत्तरीच्या पुढे आहेत, चंदेरी डायलवरचे चकचकीत चंदेरी काटे त्यांना दिसत नाहीत, पण घड्याळ बदलायला ते तयार नाहीत. मग काटे मोठे बसवावेत की रेडियमवाले? माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. आहेत तेच काटे मॅट काळे रंगवून घ्या.

पॉलिश केलेला काटा समोर असेल ते परावर्तित करतो. वर ट्यूबलाइट असली की काटाही उजळ आणि डायलही उजळ, मग काटा हरवतो. त्यात वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या मानाने साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. संध्याकाळच्या लोकलमध्ये एका हाताने कडी धरून वेळ बघणाऱ्या माणसाला काट्याच्या लांबीपेक्षा काळ्या-पांढऱ्यातला फरक जास्त उपयोगी पडतो.

लोक ज्याला रेडियम म्हणतात ते आता बहुतेक स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेट नावाचं रसायन असतं. ते निर्धोक आहे, पण चमकतं अंधारात. डब्यातल्या अर्धवट उजेडात त्याचा फायदा नाही. चोर बाजारातलं खूप जुनं घड्याळ असेल तर गोष्ट वेगळी. त्यात खरं, किरणोत्सर्गी रेडियम असू शकतं. ते खरवडू नका, कृपा करून.

मोठ्या काट्यांची अडचण भोकांची, म्हणजे काटा मशीनच्या दांडीवर ज्या भोकाने बसतो त्याच्या मापाची. उदाहरणार्थ, सेइकोच्या एनएच ३५ या ऑटोमॅटिक (बिनसेलच्या) मशीनला तास, मिनिट, सेकंद काट्यांची भोकं १.५०, ०.९० आणि ०.२० मिमी, मियोटा २०३५ या क्वार्ट्झ (सेलवर चालणाऱ्या) मशीनला १.२०, ०.७० आणि ०.१७. एकाचे काटे दुसऱ्याला बसत नाहीत. शिवाय क्वार्ट्झची मोटर नाजूक असते, जड सेकंद काटा तिला ओढवत नाही. म्हणून सेकंद काटा बदलू नका आणि रंगवूही नका. तास आणि मिनिट पुरे.

दादर किंवा फोर्टमधल्या एखाद्या जुन्या घड्याळजींकडून काटे फक्त काढून घ्या. डायलवर ओरखडा पडतो तो याच वेळी. रंग घरी देता येतो. काटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टूथपिकच्या टोकावर बसवा, म्हणजे भोकात रंग जाणार नाही. स्केल मॉडेलसाठी मिळणारा मॅट अॅक्रिलिक रंग पातळ करून दोन हलके हात द्या आणि रात्रभर डबीखाली झाकून ठेवा. नेलपॉलिश वापरू नका. त्याचा थर जाड बसतो, आणि दोन काट्यांमधली जागा इतकी कमी असते की ते एकमेकांना घासून घड्याळ थांबतं. निळे काटे मलाही फार आवडतात, पण साधारण तीनशे अंशांवर तो निळा रंग पोलादालाच चढतो, आणि साध्या घड्याळांचे काटे बहुधा पितळेचे असतात.

हे काम भर पावसाळ्यात करू नका. मुंबईची दमट हवा आत कोंडली की एसीत गेल्यावर काचेला आतून वाफ धरते. बसवताना तारीख बदलते तो क्षण धरून दोन्ही काटे बारावर लावायला सांगा, आणि मागच्या झाकणाचं गॅस्केट, म्हणजे ओल आत येऊ न देणारी रबरी कडी, नवं टाकायला सांगा. चावीने पूर्ण बारा तास फिरवून काटे कुठे अडत नाहीत ना, हे दुकानातच बघून घ्या.