शेतातल्या सेन्सर नेटवर्कसाठी एओडीव्ही, डीएसडीव्ही आणि लीच यापैकी कुठला राउटिंग प्रोटोकॉल घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, उसात मातीचा ओलावा मोजणारे नोड (सेन्सर, रेडिओ आणि बॅटरी असलेली छोटी यंत्रं) लावायचेत, दर १५ मिनिटांनी रीडिंग विहिरीजवळच्या गेटवेला, म्हणजे सगळा डेटा गोळा करणाऱ्या यंत्राला, जाणार, आणि गाइड म्हणतायत एनएस-टू या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये हे तिन्ही राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे डेटाने कुठल्या नोडांवरून जायचं ते ठरवणारे नियम, कंपेअर करा, जो जिंकेल तो घ्या. माझं मत विचाराल तर तिघांपैकी एकही घेऊ नका, आरपीएल हा चौथाच प्रोटोकॉल घ्या. का ते नीट समजून घ्या, कारण व्हायवात नेमकं तेच विचारतात.

एओडीव्ही वाईट आहे असं अजिबात नाही. पर्किन्स आणि रॉयर यांनी तो १९९९ ला मांडला, २००३ मध्ये त्याचा आरएफसी ३५६१, म्हणजे प्रोटोकॉलचा अधिकृत तपशील देणारा दस्तऐवज, आला. पण तो कशासाठी, तर लोक लॅपटॉप, रेडिओ घेऊन फिरतायत, कोण कधी कुणाशी बोलेल सांगता येत नाही अशा नेटवर्कसाठी. रस्ता लागला की रूट रिक्वेस्ट सगळीकडे फ्लड करायची, उत्तर आलं की रस्ता टेबलात ठेवायचा, वापरला नाही की टाकून द्यायचा. आता त्या आरएफसीतला डिफॉल्ट बघा, अ‍ॅक्टिव्ह रूट टाइमआउट ३००० मिलिसेकंद. म्हणजे वापर थांबला की काही सेकंदांत रस्ता बाद, आणि तुमचा नोड बोलणार १५ मिनिटांनी. म्हणजे प्रत्येक रीडिंगला नव्याने फ्लड, दोन-चार बाइटच्या आकड्यासाठी सगळं शेत जागं! टाइमआउट वाढवता येतो हो, पण मग मधला नोड बंद पडलाय हे पॅकेट हरवेपर्यंत कळत नाही.

डीएसडीव्ही त्याहून जुना, १९९४ चा, पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांचा. कुठली माहिती ताजी ते सांगणारे सिक्वेन्स नंबर लावून राउटिंग लूप (पॅकेट त्याच नोडांत गोल फिरत राहणं) टाळायची त्यातली कल्पना फार सुंदर आहे, एओडीव्हीनेही तीच उचलली. पण यात प्रत्येक नोड बाकी प्रत्येक नोडचा रस्ता सांभाळत बसतो, तुमच्या नोडांना तर फक्त गेटवे गाठायचाय.

आता बॅटरी, कारण खरी लढाई तिथेच आहे. टेलॉसबी नोडवरची सीसी२४२० रेडिओ चिप घ्या. पाठवताना पूर्ण पॉवरला १७.४ मिलिअँपिअर खाते आणि नुसतं ऐकताना १८.८. ऐकणं महाग आहे! दोन एए सेल साधारण २५०० मिलिअँपिअर-अवरचे धरले आणि रेडिओ कायम चालू ठेवला तर १३३ तास, म्हणजे साडेपाच दिवसांत खेळ खलास, मग राउटिंग प्रोटोकॉल कुठलाही असू दे. म्हणून आधी रेडिओ बहुतेक वेळ झोपवणारा मॅक लेयर (कुठल्या नोडने रेडिओ कधी वापरायचा ते ठरवणारा थर) ठरवा आणि राउटिंग त्याच्यावर बसवा, बऱ्याच प्रोजेक्टमध्ये हे उलटं होतं किंवा होतच नाही.

दुसरी गोष्ट हॉप काउंट, म्हणजे गेटवेपर्यंत नोड-टू-नोड किती उड्या, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. एनएस-टूच्या डिफॉल्ट मॉडेलमध्ये २५० मीटरच्या आत लिंक शंभर टक्के आणि त्याच्या बाहेर शून्य, त्यामुळे कमीत कमी हॉपचा रस्ता तिथे चांगलाच दिसणार. प्रत्यक्षात लांबची लिंक अर्धवट चालते. समजा थेट लिंकवर जाताना निम्मी पॅकेट पोचतात आणि परत येणाऱ्या पोचपावत्याही निम्म्याच, तर एक पॅकेट पोचवायला सरासरी १ भागिले (०.५ गुणिले ०.५), म्हणजे ४ वेळा पाठवावं लागतं. मधे एक नोड घेतला आणि दोन्ही लिंक ९५ टक्के असल्या तर प्रत्येकी १.१, मिळून २.२. एओडीव्ही, डीएसडीव्हीसारखा हॉप मोजणारा प्रोटोकॉल ४ वाला रस्ता डोळे झाकून घेतो. हा हिशोब म्हणजेच ईटीएक्स (एक्स्पेक्टेड ट्रान्समिशन काउंट), एमआयटीच्या रूफनेट या वायरलेस नेटवर्क प्रोजेक्टवाल्यांनी २००३ मध्ये मांडलेला.

उसात तर हे फारच जाणवतं. मी उसाच्या फडात नोड लावलेत, लागणीच्या वेळी रान मोकळं असतं तेव्हा सगळ्यांना सगळे दिसतात, मोठी बांधणी होऊन ऊस डोक्यावर गेला की त्याच नोडांचे शेजारी बदलतात, कारण २.४ गिगाहर्ट्झ पाल्यातल्या पाण्यात चांगलंच शोषलं जातं. नोड जागचा हलला नाही, तरी लिंक हलली. त्यामुळे नोड स्थिर आहेत म्हणून रस्ते फिक्स करून टाकू असं काही करू नका.

आरपीएल, २०१२ चा आरएफसी ६५५०, हा याच कामासाठी बनलाय. सगळ्या नोडांचं गेटवेकडे उतरणारं एक जाळं, प्रत्येकाला रँक, म्हणजे गेटवेपासून तो किती लांब याचा आकडा, आणि रँक ईटीएक्सवरून काढता येते. मला त्यातला ट्रिकल टायमर मनापासून आवडतो, सगळं सुरळीत असेल तर दोन कंट्रोल मेसेजमधलं अंतर दरवेळी दुप्पट होत जातं, आरएफसीच्या डिफॉल्टला ८ मिलिसेकंदांपासून २.३ तासांपर्यंत, आणि काही गडबड दिसली की परत छोटं. गरज तेवढंच बोलायचं.

लीचबद्दल थोडक्यात. २००० चा एमआयटीचा, क्लस्टर हेड (गटातला डेटा गोळा करून पुढे पाठवणारा नोड) आळीपाळीने बदलायची कल्पना अभ्यासण्यासारखी आहेच, पण मूळ लीचमध्ये कुठलाही नोड बेस स्टेशनला (तुमच्याकडे गेटवे) थेट गाठू शकतो असं गृहीत धरलंय. तसं खरंच शक्य असेल तर राउटिंगच कशाला? दोन-चार एकरच असतील तर लोरा हा लांब पल्ल्याचा कमी पॉवरचा रेडिओ घ्या, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही, सगळे नोड सरळ गेटवेशी बोलतील. हे गाइडना आधीच सांगून ठेवा, नाहीतर एक्स्टर्नल परीक्षक विचारेल.

मल्टिहॉपच करायचं असेल तर कॉन्टिकी-एनजी ही छोट्या नोडांसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्याच्यासोबत येणारा कूजा सिम्युलेटर घ्या, मॅकला टीएससीएच (ठरलेल्या वेळी, बदलत्या चॅनेलवर बोलायची पद्धत) लावा. आणि कंपॅरिझन हवंच असेल तर आरपीएलच्या आतच करा, रँक काढायचे दोन नियम घ्या, एकीकडे एमआरएचओएफ ईटीएक्सवर, दुसरीकडे ओएफ-झीरो, फक्त त्याचा स्टेप (दर हॉपला रँक किती वाढते) फिक्स्ड ठेवा नाहीतर कॉन्टिकीत तोही ईटीएक्सच बघतो. कूजात रिसेप्शनचा सक्सेस रेशो डिफॉल्ट १ असतो, तो तसाच ठेवलात तर दोघांत फारसा फरक दिसणार नाही, हळूहळू खाली आणा आणि प्रत्येक पायरीला किती पॅकेट पोचली आणि रेडिओ किती टक्के वेळ चालू होता हे दोन आकडे लिहून घ्या.