राजाच्या पदरी सदतीस वर्षं: वेलास्केझबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी दिएगो वेलास्केझबद्दल थोडं लिहिलं होतं, म्हणजे स्पेनच्या फेलिपे चौथा ह्या राजाचा दरबारी चित्रकार, जन्म १५९९ सेवियाचा, मृत्यू १६६० माद्रिदला. त्यावर एवढे प्रश्न आले की सगळे घेणं शक्य नाही, पण जे पुन्हा पुन्हा आले ते घेतोय. मला ह्या माणसाबद्दल बोलायला कधीच कंटाळा येत नाही, त्यामुळे काही उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: सेवियाचा एक साधा पोरगा चोविसाव्या वर्षी थेट राजाचा चित्रकार होतो, हे वशिल्याशिवाय कसं शक्य आहे?

वशिला होताच की! अकरा-बारा वर्षांचा असताना तो फ्रान्सिस्को पाचेको ह्या चित्रकाराकडे सहा वर्षांच्या कराराने शिकायला राहिला, १६१७ मध्ये परीक्षा देऊन स्वतंत्र चित्रकार झाला आणि पुढच्याच वर्षी गुरूच्या मुलीशी, हुआनाशी लग्न केलं. आता पाचेको चित्रकार म्हणून बेताचा पण माणूस मोठा वाचलेला, कवी, पंडित, पाद्री सगळ्यांची त्याच्याकडे ऊठबस. १६२१ मध्ये सोळा वर्षांचा फेलिपे गादीवर आला आणि खरा कारभार गेला ओलिवारेस नावाच्या सरदाराकडे, ज्याचं घराणं सेवियाकडचं, म्हणजे गाववाल्यांना चांगले दिवस आले. तरीसुद्धा १६२२ मध्ये वेलास्केझ माद्रिदला गेला तेव्हा राजाची गाठ पडलीच नाही, गोंगोरा ह्या कवीचं एक जबरदस्त व्यक्तिचित्र करून तो हात हलवत परत आला. पुढच्या वर्षी परत बोलावणं आलं, ऑगस्टच्या शेवटी राजाचं चित्र केलं आणि ऑक्टोबरमध्ये नेमणूक, महिना वीस डुकाट पगार. वशिल्याने फार तर दारापर्यंत पोचता येतं हो, पुढे सदतीस वर्षं तो आत टिकला ते हाताच्या जोरावर.

प्रश्न: एवढी वर्षं नोकरी आणि चित्रं जेमतेम शंभर-सव्वाशे? आळशी होता का?

हा प्रश्न दर वेळी येतो. बाकी चित्रकार राजाला चित्र विकायचे, वेलास्केझ राजवाड्याचा नोकर होता, हा फरक आधी लक्षात घ्या. १६२८ मध्ये त्याला रोजचा भत्ता मंजूर झाला तो राजाच्या न्हाव्यांना मिळायचा तेवढाच, म्हणजे दरबारात चित्रकाराची जागा कुठे होती ते कळतं. मग एकेक पायरी चढत १६५२ मध्ये तो राजवाड्याचा मुख्य व्यवस्थापक झाला, मान मोठा पण काम काय तर राजाच्या मुक्कामाच्या जागा ठरवणं, फर्निचर, पडदे, सरपण, साफसफाई, चाव्या सांभाळणं. त्यात दोनदा इटलीला गेला, दुसऱ्यांदा १६४९ ते १६५१, तेव्हा राजासाठी चित्रं आणि पुतळे खरेदी करायची जबाबदारी, आणि राजा सारखा परत ये म्हणून निरोप पाठवतोय आणि हा आपला निवांत. राजाला त्याच्या ह्या संथपणाची चांगली कल्पना होती, १६५३ च्या एका पत्रात त्याने लिहिलंय की नऊ वर्षं माझं चित्र झालेलं नाही, कारण वेलास्केझचा संथपणा सोसायचा आणि वर स्वतःला म्हातारं होताना बघायचं, हे नको वाटतं. मला हे वाक्य फार आवडतं, कारण त्या चित्रकाराला एवढी मोठी दाद दुसऱ्या कोणी दिलेली नाही. शिवाय शिष्यांनी काढलेली राजाची चित्रं ढिगाने आहेत, ती मोजायची नाहीत. आणि १७३४ च्या नाताळच्या आदल्या रात्री माद्रिदच्या जुन्या राजवाड्याला आग लागली त्यात काही चित्रं कायमची गेली, ज्या स्पर्धेत त्याने १६२७ मध्ये बाकी दरबारी चित्रकारांना हरवलं ते चित्रसुद्धा त्यातच गेलं.

प्रश्न: दरबारातल्या बुटक्या माणसांची चित्रं त्याने काढली ती राजाच्या करमणुकीसाठीच ना? बघताना कसंतरी होतं.

तुम्हाला कसंतरी होतं ते बरोबर आहे, कारण ती प्रथाच वाईट होती, माणसं पाळायची, हसायला. पण चित्रं नीट बघा, घाई करू नका. सेबास्तियान दे मोराचं चित्र घ्या, माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहे. तो जमिनीवर बसलाय, आखूड पाय सरळ पुढे केलेले, त्यामुळे बुटांचे तळवेच आपल्याकडे येतात, दोन्ही मुठी आवळून कमरेशी टेकवलेल्या, हाताचे पंजे दिसतच नाहीत, मागे काही नाही, खोली नाही, खिडकी नाही, फक्त अंधार. आणि मग डोळे. सरळ आपल्यावर रोखलेले, काळे, जरा रागावलेले, काय बघतोस असं विचारणारे. मी प्रादोत त्या चित्रासमोर उभा होतो तेव्हा नजर आधी माझीच खाली गेली. शाळेतली पोरं आली होती, गोंगाट चालू होता, त्या चित्रापाशी आल्यावर ती गप्प झाली, कोणी सांगितलं नव्हतं.

राजाच्या चित्रात त्याला बंधनं होती, जबडा लांब असला तरी राजा राजासारखाच दिसायला हवा. इथे कोणाला पडलेलीच नव्हती, त्यामुळे हात मोकळा सुटला. माझं स्पष्ट मत, त्याचं सगळ्यात खोल काम राजाच्या चित्रांत नाही, ह्या माणसांच्या चित्रांत आहे. पाब्लो दे वायादोलिद ह्या दरबारी विदूषकाच्या चित्रात तर जमीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते तेसुद्धा दाखवलेलं नाही, माणूस नुसत्या हवेत स्वतःच्या सावलीवर उभा आहे, ते बघून १८६५ मध्ये फ्रेंच चित्रकार माने येडा झाला होता.

प्रश्न: वेलास्केझकडे गुलाम होता हे खरं का? मग त्याला एवढं मोठं का म्हणायचं?

खरं आहे, आणि ते झाकून ठेवू नये. हुआन दे पारेहा हे त्याचं नाव, स्टुडिओत काम करायचा, इटलीलाही बरोबर होता. १६५० मध्ये रोममध्ये पोप इनोसंट दहावा ह्याचं चित्र करायचं होतं त्याच सुमाराला वेलास्केझने पारेहाचं चित्र काढलं, एक हात छातीवर आडवा, रुंद पांढरी कॉलर, मान ताठ, चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. जुन्या चरित्रात गोष्ट येते की हे चित्र त्याने पारेहाच्याच हातात देऊन ओळखीच्यांना दाखवायला पाठवलं आणि लोकांना कळेना बोलायचं कोणाशी, चित्राशी की माणसाशी. मार्चमध्ये ते रोमच्या पँथिऑनमध्ये लावलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेलास्केझने त्याच्या मुक्ततेच्या कागदावर सही केली, पण अजून चार वर्षं काम करायचं अशी अट घालून! ती अट वाचली की मला आजही वाईट वाटतं. ज्याने त्या चेहऱ्यावरचा मान एवढा बरोबर ओळखला त्यालाही चार वर्षं सोडवली नाहीत. पारेहा पुढे स्वतः चित्रकार झाला, त्याचं १६६१ चं संत मॅथ्यूचं मोठं चित्र प्रादोत आहे आणि त्यात डावीकडे त्याने स्वतःला उभं केलंय, हातात कागद, त्यावर स्वतःची सही.

प्रश्न: ‘लास मेनिनास’ मध्ये नक्की काय चाललंय? आणि छातीवरचा लाल क्रॉस राजाने स्वतः काढला हे खरं का?

१६५६ चं चित्र, तीन मीटरपेक्षा उंच. मध्ये पाच वर्षांची राजकन्या मार्गारिता, दोन्ही बाजूंना मानकरी मुली, उजवीकडे दरबारातली दोन बुटकी माणसं, मारीबार्बोला आणि छोटा निकोलासितो, तो झोपाळू कुत्र्याला पाय लावतोय. डावीकडे खुद्द वेलास्केझ, समोर भलामोठा कॅनव्हास, आपल्याला फक्त कॅनव्हासची पाठ दिसते. मागच्या आरशात राजा-राणी धूसर. म्हणजे राजा-राणी उभे आहेत ती जागा आपली, आत्ता आपण जिथे उभे आहोत तिथेच. ह्यावर लोकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिलीत, मी एकच गोष्ट सांगतो. डावीकडची मुलगी गुडघे टेकून राजकन्येला तबकात एक लाल मातीचं बुटुकलं मडकं देतेय, पाण्याचं. ते मडकं म्हणजे लाल रंगाचे चार-दोन फटकारे आणि वर उजेडाचा एक ठिपका, जवळून बघितलं तर नुसता रंग, चार पावलं मागे आलात की मडक्याचा गारवा जाणवतो.

क्रॉसचं म्हणाल तर, चित्रातल्या वेलास्केझच्या छातीवरचा तो क्रॉस सांतियागो ह्या सरदारी मंडळाचा. वेलास्केझला ते मानचिन्ह फार हवं होतं, पण हाताने काम करून पोट भरणारा माणूस त्यात बसत नव्हता. शंभराहून जास्त साक्षीदार तपासले गेले, सुरबारान आणि आलोन्सो कानोसारख्या चित्रकारांनी साक्ष दिली की ह्याने कधी दुकान मांडून चित्रं विकली नाहीत, शेवटी पोपची खास परवानगी आणावी लागली, तेव्हा कुठे नोव्हेंबर १६५९ मध्ये मान मिळाला. म्हणजे क्रॉस चित्रावर नंतर चढवलाय हे नक्की. राजाने काढला ही दंतकथा आहे, ऐकायला गोड.

आणि ती मार्गारिता. तिची लहानपणापासूनची चित्रं व्हिएन्नाला पाठवली जायची, गुलाबी झग्यातली, पांढऱ्या, मग निळ्या, कारण तिचं लग्न तिथल्या सम्राटाशी, स्वतःच्या सख्ख्या मामाशी ठरायचं होतं. आपल्याकडे स्थळाला फोटो पाठवतात तसं. १६६६ मध्ये लग्न झालं, १६७३ मध्ये एकविसाव्या वर्षी ती गेली. चित्रं अजून व्हिएन्नातच आहेत.

प्रश्न (म्हापशाहून): ह्या राजाचा गोव्याशी काही संबंध?

आहे! १५८० ते १६४० पोर्तुगालचं राज्यही स्पेनच्याच राजाकडे होतं, म्हणजे १६२१ पासून १६४० पर्यंत गोव्याचे व्हाइसरॉय ह्याच फेलिपेच्या नावाने कारभार करायचे. वेलास्केझच्या वडिलांचं घराणंही पोर्तुगालच्या पोर्तोचं. आणि ‘मेनिना’ हा शब्दच पोर्तुगीज, मुलगी ह्या अर्थाचा, गोव्यातल्या जुन्या लोकांना तो सांगायला नको.

प्रश्न: माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, पोर्ट्रेट शिकायचंय म्हणतो. वेलास्केझकडून काय घ्यावं?

सुरुवात राजाच्या चित्रांपासून करू नका. ‘अंडी तळणारी म्हातारी’ हे चित्र दाखवा, १६१८ चं, म्हणजे वेलास्केझ तेव्हा एकोणीस वर्षांचा, चित्र एडिंबरोला आहे. तेलात पडलेल्या अंड्याचा पांढरा कडेने घट्ट व्हायला लागलाय आणि मध्ये अजून पातळ आहे, तो एक क्षण त्याने धरलाय. पितळेचा खलबत्ता, लाल कांदा, ताटलीवर आडवी ठेवलेली सुरी आणि तिची सावली, सगळं एवढ्या मन लावून की हा मुलगा पुढे माणसाचा चेहरा कसा बघणार ते इथेच कळतं. मुलाला आठवडाभर एक कांदा आणि एक भांडं काढू द्या, खिडकीजवळ ठेवून, उजेड एकाच बाजूने.

मग दुसरं चित्र, राजा घोड्यावर बसलेला, १६३५ च्या आसपासचं. घोड्याच्या मागच्या पायांपाशी नीट बघायला सांगा, आधी काढलेल्या पायांच्या खुणा वरच्या रंगातून डोकावतात, म्हणजे ह्याने पुसून, बदलून, परत काढलंय, तेही राजाच्या चित्रात. तुमच्या मुलाला खोडरबर वापरायची लाज वाटत असेल तर हे दाखवा.

आणि पाचेकोने लिहून ठेवलंय की वेलास्केझने लहानपणी एका खेड्यातल्या पोराला मॉडेल म्हणून ठेवलं होतं, त्याला कधी हसायला लावायचा, कधी रडायला, आणि समोर बसून काढत राहायचा. घरात धाकटं भावंडं असेल तर त्याला बसवा समोर. बसणार नाही दोन मिनिटं, पण तेवढ्यात जे हाताला लागेल तेच काढायचं.