शाळेच्या गच्चीवर मुलांसाठी बसायची जागा कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की शाळेला मैदान नाही, म्हणून पहिली ते चौथीची मुलं मधल्या सुट्टीत गच्चीवर खेळणार आहेत आणि कठड्याला लागून चारही बाजूंनी सिमेंटचे ओटे बांधायचा संस्थेचा विचार आहे. मी बरीच वर्षं शाळांच्या इमारतींची दुरुस्ती आणि बाकांची कामं करतोय. हात जोडून सांगतो, कठड्याला लागून ओटा बांधू नका.

हिशोब करून बघा. कठडा साडेतीन फुटांचा, म्हणजे साधारण 105 सेंटिमीटर. त्याला लागून 35 सेंटिमीटरचा ओटा आला की त्यावर उभ्या राहिलेल्या मुलापुढे कठडा उरतो 70 सेंटिमीटर. दुसरीतल्या मुलाच्या तो जेमतेम कमरेला लागतो. आणि मूल ओट्यावर उभं राहणारच. एका शाळेत आम्ही लावलेल्या बाकावर चढून एक मुलगी खाली आलेली गोळेवाल्याची गाडी बघायला वाकली होती. तिच्या टाचा बाकावरून सुटल्या होत्या. शिपाईमामांनी मागून कमरेला धरून तिला उतरवलं. त्याच दुपारी ती सगळी बाकं आम्ही हलवली. तेव्हापासून कठड्यापासून सहा फुटांच्या आत मी चढता येईल असं काहीही ठेवू देत नाही. कुंडी नाही, मोडकं डेस्क नाही.

मग बसायचं कुठे? मधल्या भागात, पण नेमकं कुठे ते मुलंच सांगतील. तीन दिवस सुट्टीच्या वेळी खडू घेऊन वर जा आणि टाकीची, जिन्याच्या खोलीची सावली जिथे पडते तिथे रेघ मारा. मुलं डबा घेऊन आपोआप त्या रेघेच्या आत येऊन बसतात. एक लक्षात ठेवा, डिसेंबरात ही सावली उत्तरेकडे लांब पसरते आणि एप्रिलमध्ये भर दुपारी टाकीच्या पायाशी गोळा होते. म्हणून थंडीत मारलेल्या रेघेवर सगळं ठरवू नका.

सिमेंटच्या ओट्यांना माझा दुसराही विरोध आहे, वजनाचा. लोक वावरतात अशा गच्चीसाठी आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात भार धरलाय दर चौरस मीटरला 150 किलो. वर्गासाठी 300 आणि खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या सभागृहासाठी 500. चाळीस मुलं एकदम उड्या मारणार म्हणजे तुमची गच्ची सभागृहाच्या जवळ गेली. त्यावर दोन मीटर लांब, 40 सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच उंच भरीव काँक्रीटचा ओटा ठेवलात तर त्या एकट्याचं वजन पाऊण टनाच्या वर जातं. मातीने भरलेले वाफेही असेच जड, पावसात भिजले की आणखी जड. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला जुने नकाशे दाखवा आणि गच्ची मुलांच्या खेळाला चालेल असं लेखी घ्या. हा खर्च वाचवू नका.

बाकं गच्चीला बोल्ट मारूनही बसवू नका. ड्रिल कोब्यातून खाली गेलं की वॉटरप्रूफिंग संपलं. पहिल्याच पावसाळ्यात चौथीच्या वर्गाचं छत गळायला लागेल. मी तीन-तीन बाकं इंग्रजी यू अक्षरासारखी एकमेकांना बोल्टने जोडतो आणि पायांखाली जाड रबर लावतो. मुलांना ती ओढून कठड्याशी नेता येत नाहीत आणि गच्ची झाडताना चार मोठी माणसं ती उचलू शकतात. पायांखालून पाणी सरळ उताराने जाळीकडे गेलं पाहिजे.

उंची एकच ठेवू नका. पहिली-दुसरीला 30 सेंटिमीटर, तिसरी-चौथीला 35. पाय लोंबकळले की मुलं मागे-पुढे झोके घेत बसतात आणि पडतात.

सांगाडा गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा करा, पाइपांची तोंडं बंद करून घ्या, नाहीतर आत गांधीलमाशा घर करतात. बसायला पुनर्वापराच्या प्लास्टिकच्या फिक्या रंगाच्या पट्ट्या, मधे बोटभरापेक्षा कमी फट. काळा कडप्पा आणि उघडा पत्रा नकोच. मार्चनंतर त्यावर हात ठेवून बघा, चड्डीतल्या मुलाच्या मांडीचं काय होत असेल ते कळेल. टायरची आसनंही नकोत. त्यांत पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासांना तेवढं पुरतं. कोपरे सगळे गोल.

सावलीसाठी हिरवी जाळी लावली तर वळवाच्या वाऱ्याआधी ती उतरवायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर ठेवा. पक्क्या शेडला महापालिकेची परवानगी लागेल. गवताचं किंवा झावळ्यांचं छप्पर कितीही छान दिसलं तरी शाळेवर नको. 2004 साली तमिळनाडूत कुंभकोणमला शाळेच्या अशाच छपराला आग लागून 94 मुलं गेली.

आणि बाईंसाठी एक बाक विसरू नका, पाठ टेकायला असलेलं, 43 सेंटिमीटर उंच. ते जिन्याच्या दाराशेजारी ठेवा, पण दारातून उतरणाऱ्यांची वाट अडणार नाही असं. कामाला सुरुवात करण्याआधी त्या जागी स्वतः खुर्ची टाकून बसा. टाकीमागचा कोपरा तिथून दिसत नसेल, तर तिथे आधी जाळीचं दार लावून कुलूप घाला. बाकांची ऑर्डर त्यानंतर.