वेळ मारून नेला की नेली?

प्रश्न विचारणारे एक कथा लिहितायत, नाशिकचीच. रात्री सीबीएस बसस्थानकावर एक मुलगी एकटी अडकते, मागे लागलेल्या माणसाला नुसतं बोलण्यात गुंतवून सुटते, आणि तिथे त्यांनी लिहिलंय 'तिने वेळ मारून नेला'. आई म्हणाल्या नेला कसा, नेली. कोणाचं बरोबर?

आईंचं! मराठीत वेळ दोन आहेत. तो वेळ म्हणजे घड्याळात मोजायचा, वेळ गेला, वेळ लागला, वेळ काढला. ती वेळ म्हणजे नेमका प्रसंग, जेवायची वेळ झाली, वाईट वेळ आली. 'काळ आला होता पण वेळ आली नव्हती' म्हणतो त्यातली हीच ती, आणि मारून नेतात ती पण हीच.

हा फरक मला लहानपणच्या गोष्टींमधेच सगळ्यात स्वच्छ दिसतो. भोपळ्यातली म्हातारी आठवा. समोर वाघ, हातात काठी पण धड नाही, तर ती काय करते, 'लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा' असं म्हणते आणि वाघ चक्क वाट सोडतो. एका वाक्यात तिने वेळ मारून नेली, आणि मला फार आवडतं ते हे की ती खोटं बोललीच नाही, लेकीकडे गेली, तूप-रोटी खाल्ली, जाड पण झाली. आता चिऊताई बघा, ती दाराआडून 'थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, तीट लावते' करत राहते, ते वेळ काढणं. तिथे 'वेळ काढला' असंच येणार.

अरबी गोष्टींमधल्या शहरजादीला तर दोन्ही लागू पडतात. सकाळी मान उडणार म्हणून ती रोज रात्री गोष्ट ऐन रंगात आली की थांबवते, म्हणजे रोज एकेक वेळ मारून नेते, आणि अशा हजार एक रात्रींचा मिळून जो जमतो तो वेळ. तो तिने शब्दांवर कमावलेला आहे. आपल्याकडे 'वेळ मारून नेली' म्हटलं की थातुरमातुर उत्तर देऊन सुटला असा हिणवायचा सूर असतो, मला तो पटत नाही, ज्याच्याकडे शब्दांशिवाय काहीच नाही त्याने अजून काय करायचं?

आणि दरवेळी जमतंच असं कुठे. गंगापूर रोडनं आनंदवल्लीवरून जाताना मला हटकून आठवतं, कारण इथेच राघोबादादा आणि आनंदीबाईंचा वाडा होता. 'ध चा मा' ही आख्यायिकाच, सिद्ध झालेलं नाही, पण ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव मारले गेले हे खरं. वय १८. 'काका मला वाचवा' हे शब्द आजही लोकांच्या तोंडी आहेत, त्यांना मात्र ती वेळ मारून नेता आली नाही.

तर तुमच्या कथेत ती बाकड्यावर बसून त्या माणसाला गाव, पाहुणे, द्राक्षाचा भाव असलं काहीबाही विचारत राहते तिथे 'वेळ काढला' लिहा. एसटी लागते, तो तिची बॅग धरतो आणि ती शांतपणे 'भाऊ आलाय माझा, तुमच्या मागेच उभाय' म्हणते असं काही असेल तर तिथे 'वेळ मारून नेली'.