शेअर फोल्डरमधल्या निम्म्या फाइली उघडतात, निम्म्या नाहीत: पूर्ण ड्राइव्हला ‘एव्हरीवन’ देण्याआधी हे वाचा

तुम्ही इथे विचारलेल्या प्रश्नातली लक्षणं अशी आहेत: डेस्कटॉपवरचा एक फोल्डर शेअर केलाय, लॅपटॉपवरून तो दिसतो, उघडतो, त्यातल्या काही फाइली नीट चालतात आणि काहींवर ‘ॲक्सेस डिनाइड’. दोन्हीकडे विंडोज. फायरवॉल बंद करून झाली, राउटर बंद-चालू झाला, पासवर्ड बदलून झाला. आता हेल्पलाइनवरच्या माणसाने ‘पूर्ण ड्राइव्हची मालकी घ्या आणि एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या’ असं सांगितलंय, म्हणजे प्रत्येकाला सगळे हक्क. ते अजून केलं नसेल तर करू नका. याच सल्ल्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान झालंय, म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

फायरवॉल आधी परत चालू करा. एक जरी फाइल उघडली, तरी त्याचा अर्थ संगणकाचं नाव सापडलं, फाइल शेअरिंगचं ४४५ नंबरचं पोर्ट (नेटवर्कचं दार) मोकळं आहे, पासवर्ड चालला आणि शेअरच्या दारातून आत घेतलं गेलं. म्हणजे नेटवर्क निर्दोष आहे. शेअरची परवानगी आतल्या सगळ्या फाइलींना सारखीच लागू होते, त्यामुळे ‘ही उघडते, ती नाही’ हा फरक तिच्यामुळे पडूच शकत नाही. हा फरक पाडते बहुतेक वेळा एनटीएफएसची, म्हणजे प्रत्येक फाइलीवर स्वतंत्र चिकटलेली परवानगी. प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ असे दोन टॅब असतात ते याचसाठी. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी कडक असेल ती लागते, त्याच संगणकावर बसलेल्याला फक्त दुसरी.

आता करून बघायची गोष्ट. डेस्कटॉपवर बसून, न उघडणाऱ्या एका फाइलीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी. वरच्या चौकटीतली नावं लिहून घ्या. मग उघडणाऱ्या फाइलीचं तेच करा. न उघडणाऱ्या फाइलीवर बहुधा तीनच नावं दिसतील: सिस्टिम, ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि डेस्कटॉपवरचं तुमचं स्वतःचं खातं. ही तीन नावं म्हणजे यूझर्स फोल्डरच्या आतल्या तुमच्या खाजगी फोल्डरची सही आहे. ती फाइल आधी तुमच्या डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये किंवा डॉक्युमेंट्समध्ये होती आणि तिथून कट-पेस्ट होऊन शेअर फोल्डरमध्ये आली.

सगळी गोम इथे आहे. फाइल कॉपी केली की नवीन फाइल जन्माला येते आणि ती ज्या फोल्डरमध्ये जन्मली त्याच्या परवानग्या घेते. पण त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली, तर डिस्कवर काहीच नव्याने लिहिलं जात नाही, फक्त पत्ता बदलतो. जुन्या परवानग्या तशाच अंगावर राहतात. एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलेली फाइल मात्र मुळात कॉपी करून मग पुसलेली असते, म्हणून ती नव्या घरच्या परवानग्या घेते. लॅपटॉपवरून नेटवर्कमार्गे टाकलेली फाइलही नव्यानेच जन्मते. म्हणून तुमच्या यादीत एक नमुना सापडायला हवा: लॅपटॉपवरून टाकलेल्या फाइली सगळीकडे उघडतात, डेस्कटॉपवर बसून सरकवलेल्या अडतात. काही प्रोग्रामही हाच घोळ घालतात. फाइल आधी टेम्प फोल्डरमध्ये तयार करायची आणि मग जागेवर सरकवायची अशी त्यांची पद्धत असते. स्कॅन केलेलीच कागदपत्रं नेमकी अडत असतील तर स्कॅनरच्या प्रोग्रामवर संशय घ्यायला हरकत नाही.

‘पण लॅपटॉपवरून मी ॲडमिनिस्ट्रेटर खात्यानेच जातो, आणि ॲडमिनिस्ट्रेटर्सचं नाव तर यादीत आहे’ हा तुमचा मुद्दा बरोबर आहे, फक्त विंडोज तो ऐकत नाही. घरच्या नेटवर्कवर स्थानिक ॲडमिन खात्याने दुसऱ्या संगणकावर शिरलात की यूएसी (ॲडमिनच्या हक्कांवर राखण ठेवणारी विंडोजची सोय) तुमचे ॲडमिनचे अधिकार दारातच काढून ठेवते आणि साध्या माणसासारखं आत सोडते. त्यामुळे फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्स गटामुळे मिळणारी परवानगी नेटवर्कवरून मिळत नाही. हे रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतून, बदलता येतं, पण एका फोल्डरसाठी तो उद्योग करू नये असं माझं मत आहे.

आता दुरुस्ती. शेअर केलेल्या फोल्डरवरच राइट क्लिक करा, त्यातल्या फाइलीवर नाही. सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड. यादीत ज्याला आत यायचंय त्याचं खातं किंवा गट आहे ना, आणि त्याला ‘मॉडिफाय’ आहे ना, ते बघा. नसेल तर घाला आणि ‘अप्लाइज टू’मध्ये हा फोल्डर, उपफोल्डर आणि फाइली असं तिन्ही ठेवा. मग तळाशी ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन’ने सुरू होणारी लांबलचक ओळ आहे, तिच्यावर टिक करून अप्लाय. आतल्या प्रत्येक फाइलीवरच्या जुन्या परवानग्या पुसल्या जाऊन वरच्या फोल्डरच्या लागतील. आत एखादा उपफोल्डर मुद्दाम वेगळा, खाजगी ठेवला असेल तर तोही सगळ्यांना उघडा होईल, त्याला आधी बाहेर काढा.

फुल कंट्रोल देऊ नका, मॉडिफाय पुरतं. वाचणं, लिहिणं, पुसणं सगळं त्यात येतं. फुल कंट्रोलमध्ये जास्तीचं काय मिळतं, तर परवानग्या बदलण्याचा आणि मालकी घेण्याचा हक्क. तो घरातल्या प्रत्येकाला कशाला हवा?

टिक करायच्या आधी परवानग्यांची प्रत काढून ठेवलीत तर झोप शांत लागेल. ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयकॅकल्स नावाची आज्ञा आहे, स्पेलिंग आय-सी-ए-सी-एल-एस. तिला फोल्डरचा पत्ता, मग स्लॅश सेव्ह आणि प्रतीच्या फाइलीचं नाव, मग स्लॅश टी द्या. परत आणताना स्लॅश रिस्टोअर, पण पत्ता त्या फोल्डरचा नाही, त्याच्या एक पायरी वरचा द्यायचा. इथे बरेच जण फसतात. आणि या प्रतीत मालकी जात नाही, फक्त परवानग्या जातात.

आता ती महागडी चूक. सी ड्राइव्हच्या मुळावर जाऊन मालकी स्वतःकडे घ्यायची, ‘रिप्लेस’वर टिक करायची आणि एव्हरीवनला सगळं द्यायचं. पहिली पाच मिनिटं सगळं छान चालतं, हाच त्यातला धोका. विंडोजच्या बऱ्याच फाइलींची मालकी ट्रस्टेड इन्स्टॉलर नावाच्या खात्याकडे असते, कोणता भाग कोणाला वाचता यावा याचं फाइलीगणिक गणित असतं, आणि ते सगळं एका टिकेत सपाट होतं. मग अपडेट अडकतात, स्टोअरमधली ॲप उघडेनाशी होतात, एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची सोय) वापरणाऱ्यांच्या खाजगी किल्ल्या ‘परवानग्या फार सैल आहेत’ म्हणून नाकारल्या जातात. आणि याला ‘अनडू’ नाही. आयकॅकल्सला स्लॅश रिसेट दिलं तरी ते फक्त वरून येणाऱ्या परवानग्या लावतं, मूळ वेगवेगळ्या परवानग्या त्याला कुठून माहीत असणार? आधीचा पूर्ण बॅकअप नसेल तर शेवटी विंडोज नव्याने टाकणं एवढंच उरतं. गंमत म्हणजे हेल्पलाइनही मग तेच सांगते, आधीचा सल्ला कोणी दिला होता याची विचारपूस न करता. स्क्रिप्ट वाचणाऱ्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, पण ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला एकदा स्वतःच्या संगणकावर चालवायला लावलं पाहिजे.

मालकी घ्यावी लागते ती मुख्यतः एका प्रसंगी: यादीत नावाच्या जागी ‘अननोन अकाउंट’ आणि एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांब आकडा दिसतो तेव्हा. विंडोज परवानगी नावावर नाही, या आकड्यावर लिहिते. जुन्या संगणकातून काढलेली डिस्क लावलीत की तिथलं खातं इथे अनोळखी, भले दोन्हीकडे नाव एकच असो. अशा वेळी फक्त त्या डेटा फोल्डरची मालकी घ्या आणि मग वरचंच ‘रिप्लेस’ करा. आणि ‘तुम्हाला परवानगी नाही, कंटिन्यू दाबा’ अशी चौकट आली की ते बटण निष्पाप समजू नका. ते दाबल्यावर तुमचं खातं त्या फोल्डरच्या परवानग्यांत कायमचं लिहिलं जातं. याद्यांमध्ये कुठून कुठून नावं घुसलेली दिसतात, ती बरीचशी यामुळेच.

फाइलीच्या चित्रावर छोटं कुलूप दिसत असेल तर मात्र वरचं सगळं निरुपयोगी. ती एन्क्रिप्ट केलेली आहे, परवानगीने नाही, ज्या खात्याने कुलूप लावलं त्याच्या सर्टिफिकेटनेच उघडेल.

दुरुस्ती तपासताना एक सापळा आहे. लॅपटॉप जुनं कनेक्शन धरून बसतो, आणि बदल लागूनही ‘अजून तसंच आहे’ असं वाटतं. लॅपटॉपवर नेट यूज, स्टार, स्लॅश डिलीट ही आज्ञा देऊन सगळी जोडणी तोडा. गट बदलला असेल तर साइन आउट करूनच पुन्हा या. क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवून ठेवते तिथे) डेस्कटॉपच्या नावाची जुनी नोंद असेल तर तीही काढा. दुसऱ्या खात्याने जायला बघितलंत आणि १२१९ नंबरची चूक आली, तर त्याच यंत्राशी एक जोडणी वेगळ्या नावाने आधीच चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. बाकी आकडेही लक्षात ठेवण्यासारखे आहेत: ५३ म्हणजे यंत्रच सापडलं नाही, १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, ५ म्हणजे ओळख पटली पण परवानगी नाही. तुमचं दुखणं ५ नंबरचं आहे आणि तुम्ही इतके दिवस औषध ५३ नंबरचं घेताय.

पासवर्डबद्दल थोडं. पिन नेटवर्कवर चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. पासवर्ड नसलेल्या स्थानिक खात्याला विंडोज नेटवर्कवरून मुळात घेतच नाही. त्यामुळे डेस्कटॉपवर फक्त शेअरिंगसाठी एक साधं, ॲडमिन नसलेलं स्थानिक खातं, पासवर्डसकट, तयार करणं सगळ्यात सुटसुटीत. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून पाहुण्यांना मोकळं सोडायचा मार्ग मला पटत नाही, आणि विंडोज ११ प्रोच्या २४एच२ या आवृत्तीपासून तो बहुतेक वेळा चालतही नाही. एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) चालू करा असं कोणी सांगितलं तर त्याचं पुढचं ऐकू नका. होमग्रुप (घरातल्या संगणकांमध्ये शेअर करायची जुनी सोय) शोधत असाल तर तो विंडोज १० मधून २०१८ मध्येच गेला.

पुन्हा असं होऊ नये म्हणून शेअर फोल्डर यूझर्सच्या आत ठेवूच नका. डेटाची वेगळी ड्राइव्ह असेल तर तिच्या मुळाशी नवीन फोल्डर करा. तिथे ऑथेंटिकेटेड यूझर्सना (ओळख पटलेल्या सगळ्या खात्यांना) मॉडिफाय सहसा आधीपासूनच असतं. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मधून शेअर केलंत तर लक्षात ठेवा, तिथे मूळ परवानगी एव्हरीवनला फक्त वाचायची असते. तिला ‘चेंज’ करा आणि खरी गाळणी सिक्युरिटी टॅबमध्ये लावा. ‘गिव्ह ॲक्सेस टू’ हा सोपा मार्ग दोन्ही थर एकदम बदलतो, म्हणून मी तो आणि ॲडव्हान्स्ड एकाच फोल्डरवर कधी मिसळत नाही. आणि डेस्कटॉपवर बसून फाइल टाकताना कट नाही, कॉपी. मग मूळ पुसा. आणखी सोपा उपाय म्हणजे शेअर फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर असला की ही काळजीच मिटते.

‘यापेक्षा लिनक्सवर साम्बा टाकू का’ असं तुम्ही शेवटी विचारलंय; साम्बा म्हणजे लिनक्सवरून विंडोजसारखं फोल्डर शेअर करणारा प्रोग्राम. टाका, पण हे दुखणं तिथेही वेगळ्या कपड्यांत भेटेल. लिनक्सचा पासवर्ड असला तरी साम्बाचा पासवर्ड स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. नवीन फाइलींची मूळ परवानगी ०७४४ आणि फोल्डरांची ०७५५ असते, म्हणजे एकाने टाकलेलं दुसऱ्याला वाचता येतं, बदलता येत नाही. गटाला लिहू द्यायचं तर क्रिएट मास्क ०६६४ आणि डिरेक्टरी मास्क २७७५ करावा लागेल. शिवाय उबुंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर (प्रत्येक खात्याचा खाजगी फोल्डर) ७५० असतो, म्हणजे मालक आणि त्याचा गट सोडून बाकीच्यांना बंद. त्याच्या आतला फोल्डर शेअर केलात तर साम्बाची सेटिंग कितीही बरोबर असली तरी बाकीचे खातेदार वरच्या दारातच अडतील.

एक अट: हे सगळं घरच्या नेटवर्कपुरतं आहे. कंपनीच्या डोमेनमधला लॅपटॉप असेल तर काही नियम वरून लादलेले असतात आणि ते तुम्हाला बदलता येणार नाहीत.

‘रिप्लेस’ केल्यावर ‘फेल्ड टू एन्युमरेट ऑब्जेक्ट्स’ अशी चौकट आली तर कॅन्सल करा, ज्या उपफोल्डरचं नाव तिच्यात आहे फक्त त्याची मालकी घ्या आणि पुन्हा टिक करा. तरीही एखादी फाइल अडलीच, तर तिच्या सिक्युरिटी टॅबमधली सगळी नावं, ॲडव्हान्स्डमध्ये दिसणारा मालक आणि नेट यूजने दाखवलेला एररचा नंबर एवढं इथे लिहा. त्याशिवाय पुढे काही सांगणं म्हणजे अंधारात दगड मारणं होईल.