अंगात त्राणच उरत नाही, व्यायाम कधी करू?

प्रश्न : वय ४१. डोंबिवलीहून रोज लोकलने सीएसएमटीला नोकरीला जाते. पहाटे पाचला उठून डबे, घरी यायला आठ. व्यायाम ठरवते, पण होत नाही.

उत्तर : आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ जीवनसत्त्व आणि साखर. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो अॅनिमिया. मग जिना चढतानाच धाप लागते. त्याला आळस म्हणून स्वतःला बोल लावू नका. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर आगेमागे तासभर चहा टाळा, चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही.

रिपोर्ट ठीक असतील तर व्यायाम घरी पोचण्याआधीच उरका. एकदा सोफ्यावर बसलं की उठवत नाही. स्टेशनवरून रिक्षा न करता १५ मिनिटं चाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग हवा. सोबत, आठवड्यातून दोनदा, कुकर लावला की भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, १० वेळा. मिनिटभर थांबून पुन्हा १०. गुडघे आत वळू देऊ नका, त्यानेही ते दुखू शकतात. मग ओट्याला हात टेकून ८ तिरपे जोर.

बहुतेकांचं बिनसतं ते रविवारी एकदम तासभर घाम गाळल्याने. सोमवार-मंगळवार अंग ठणकतं आणि सगळंच सुटतं. पहाटे चारचा गजर तर मुळीच नको. तुमची झोप आधीच तोकडी आहे. चालताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.