रहस्यकथा नव्हे, गूढकथा नव्हे, मग म्हणायचं काय?

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा: ‘अ‍ॅटमॉस्फेरिक सायकॉलॉजिकल क्राइम नॉव्हेल’ला, म्हणजे ज्यात गुन्ह्यापेक्षा माणसांच्या मनातली घालमेल आणि भोवतालची धास्ती मोठी असते अशा कादंबरीला, मराठीत नेमकं काय म्हणायचं? विचारणाऱ्या ताईंनी दोन शब्द आधीच खोडून टाकलेत. ‘रहस्यकथा’ म्हटलं की डोळ्यापुढं पिस्तूलवाला डिटेक्टिव्ह येतो आणि ‘गूढकथा’ म्हटलं की भूत, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी ‘वातावरणप्रधान मानसशास्त्रीय गुन्हेगारी कादंबरी’ असं लिहून बघितलं, तर मैत्रीण म्हणाली, हे काय एमएच्या पेपरला आलंय का.

मैत्रिणीचं बरोबर आहे. ‘गुन्हेगारी कादंबरी’ हे ऐकायला कादंबरीवरच चॅप्टर केस झाल्यासारखं वाटतं. ‘मानसिक’ लावलं तर दवाखान्याची फाइल उघडते. ‘मानसशास्त्रीय’ म्हणजे शास्त्राशी संबंधित, चाचणी, प्रयोग वगैरे, आणि कादंबरीतल्या बाईला रात्री तीनला जाग येते आणि शेजारी झोपलेला नवरा जागाच आहे असं वाटतं, यात शास्त्र कुठलं आलं? राहिलं ‘वातावरण’. वात आणि आवरण, म्हणजे हवेचं पांघरूण, भूगोलाच्या पुस्तकातला शब्द. समीक्षेत ‘वातावरणनिर्मिती’ चांगला रुळलाय, माझी ना नाही, पण आमच्या कोल्हापुरात वातावरण म्हटलं की पुढचा प्रश्न येतो ‘कुणाचं?’ आणि गप्पा थेट निवडणुकीवर जातात. त्यात ‘वातावरण टाईट’ आल्यापासून तर हा शब्द गंभीर चेहऱ्यानं वापरायची सोयच राहिली नाही.

आता खोडलेल्या दोन शब्दांकडं. ‘रहस्य’ हा ‘रहस्’पासून आलेला, रहस् म्हणजे एकांत, आडोसा. आडोशाला जे घडलं ते रहस्य. ‘गूढ’ आलाय ‘गुह्’पासून, लपवणे, त्याच घरातले गुहा आणि गुह्य. मुळात दोघं जवळचेच, पण मराठीत त्यांच्या क्रियापदांनी वाटण्या करून घेतल्यात. रहस्य फुटतं, रहस्य उघड होतं. गूढ वाढतं, आणि मुख्य म्हणजे गूढ ‘कायम’ राहतं, पेपरात रोज वाचतो आपण ‘मृत्यूचं गूढ कायम’. म्हणजे रहस्यकथा घेतली की शेवटच्या पानावर उत्तर मिळणार हा सौदाच असतो. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि वाचकानं तो सौदा आनंदानं हजारदा केला, त्यात कमीपणा काही नाही. पण ताई, गूढकथा म्हणजे भूत हे मात्र मला मान्य नाही. भुताला आपल्याकडं ‘भयकथा’ वेगळी आहे की, नारायण धारपांनी ते दुकान नीट मांडून ठेवलंय. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत कितीतरी वेळा भूत कुठं बाहेर नसतंच, ते माणसाच्या डोक्यातच घर करून असतं. त्यामुळं अगदीच अडलं तर ‘गूढकथा’ वापरा, चालेल.

एक जाता जाता. ‘खून’ हा फारसी शब्द, तिकडं त्याचा अर्थ रक्त, हिंदी-उर्दूत रक्तही आणि हत्याही. मराठीत आल्यावर त्यानं रक्त सोडून दिलं आणि फक्त हत्या धरून ठेवली. लायब्ररीत लोक सरळ म्हणतात, ‘एखादं खुनाचं द्या.’ पण या प्रकारच्या कादंबऱ्यांत मजा खुनाची नसतेच, असते ती ‘खुनशी’ची. कानाला खूनचा भाऊबंद वाटणारा हा शब्द, पण खुनशी माणसानं खून केलेलाच पाहिजे असं काही नाही, तो आयुष्यभर कुणाला चापटही न मारता खुनशी राहू शकतो. तसाच ‘डूख धरणे’. सापाचा शब्द, पण वापरतो आपण भावकीत. वीस वर्षांपूर्वीच्या बांधावरनं डूख धरून बसलेला चुलता लग्नात हसून पंगतीला वाढत असतो, आणि आपण त्याच्या हातातल्या पळीकडं बघत बसतो. सायकॉलॉजिकल म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं?

तर माझं उत्तर: सावट. ‘सावटकथा’, ‘सावटाची कादंबरी’. पेपरवाल्यांनी हा शब्द ‘दुष्काळाचं सावट’, ‘सणावर पावसाचं सावट’ असं लिहून लिहून पार गुळगुळीत केलाय खरं, तरी त्याचं व्याकरण बघा. सावट नुसतं नसतं, ते कशावर तरी असतं, ‘वर’ लागतंच. आणि जे यायचंय पण अजून आलं नाही त्याचंच सावट असतं. दुष्काळ पडून जनावरं छावणीत गेली की मग सावट म्हणत नाहीत, मग नुसता दुष्काळ.

हे मला पुस्तकात नाही, आत्तीच्या घरात कळलं. आत्ती शुक्रवार पेठेत राहते, नदीपासनं जवळ. इथं पावसाळ्यात अख्खं गाव फुटांत बोलतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे पुराची इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका पातळी, हे शाळेतल्या पोरालाही पाठ. तिकडं राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की बटण कुणी दाबलेलं नसतं, धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि ते पाणी इथवर यायला काही तास लागतात. ते काही तास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री मी तिच्याकडं होतो. लाईट नाही, हवा कुंद, पाऊस थांबलेला, आणि पाऊस थांबल्याचीच जास्त धास्ती. दाराच्या पायऱ्या पाच. आत्ती दर तासाला बॅटरी घेऊन जायची, पाणी जिथं टेकलंय तिथं खडूनं रेघ मारायची आणि परत येऊन कॉटवर बसायची. तिसऱ्या पायरीवर दोन रेघा होत्या, मधे चार बोटांचं अंतर. पाण्याचा आवाज म्हणाल तर अजिबात नाही. मी म्हटलं, आत्ती, झोप की जरा. तर म्हणाली, ‘भ्यालो न्हाई रं मी, पर झोप यीना.’ (कोल्हापुरात बायकाही ‘भ्यालो, आलो, गेलो’ म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते.)

न भिता झोप न येणं, मला वाटतं या कादंबऱ्यांची सगळी ओढ एवढीच आहे. ३९ आणि ४३ च्या मधल्या चार फुटांत त्या घडतात. कोण, का, कसं हे बरंचसं आधीच माहीत असतं, निदान वास आलेला असतो, तरी आपण उठून उठून रेघ बघून येतो.

आणि याच आत्तीची दुसरी सवय म्हणजे खुनाचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. मी एकदा चिडलो, अगं मजा जाते की. ‘खुनी कोण ते आधी बघून घेतो, मग निवांत वाचतो.’ आधी वाटायचं हिला वाचता येत नाही, आता वाटतं मला येत नव्हतं. शेवटचं पान वाचूनही जे पुस्तक तिच्या हातातनं सुटत नाही ते सावटाचं, आणि ज्या पुस्तकाला ती ‘बरं, कळलं’ म्हणून उशाशी ठेवून देते ती रहस्यकथा. यापेक्षा सोपी चाचणी माझ्याकडं नाही.

कुणी म्हणेल, असा शब्द आपणच पाडायचा म्हणजे काय, कोशात नको का? नको. इटलीत खुनाच्या पुस्तकांना सरसकट ‘जालो’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘पिवळं’, कारण १९२९ पासून मोंदादोरी प्रकाशनानं त्यांना पिवळी कव्हरं घातली. फ्रान्समध्ये १९४५ साली गालिमार प्रकाशनानं काळ्या कव्हरांची ‘सेरी न्वार’, म्हणजे ‘काळी मालिका’, काढली. त्या लोकांनी कव्हरच्या रंगावर भागवलं, आपल्याकडं तर सावटासारखा अर्थासकट शब्द पडून आहे.

ताईंनी शेवटी विचारलंय, मग ‘थरारकथा’ का नको? नको. थरार ४३ च्या पुढं. तेव्हा माणूस गॅसची टाकी माळ्यावर चढवत असतो, म्हशी सोडत असतो, बोटवाल्याला हाका मारत असतो. घाबरत बसायला वेळ कुणाला असतो तेव्हा?